लाइन क्लिअर

दिवाळीच्या दिवसांत आमच्या लासलगावचा बाजार बंद असे. लिलावाचा गलका थांबलेला, कांद्याची खळी ओस पडलेली आणि आडत्यांच्या पेढ्यांवर लाल वह्यांची पूजा मांडलेली. साऱ्या गावाला सुटी. ती नसे फक्त आगगाडीला, आणि म्हणून माझ्या मामांना. मामा आमच्याच स्टेशनावर सहायक स्टेशनमास्तर होते. लक्ष्मीपूजनाला त्यांची रात्रपाळी आली, की आई पितळी डब्यात करंज्या, चकल्या आणि चिवडा भरून माझ्या हाती देई आणि बजावी, "डबा दे अन् तसाच परत ये. तिथं रेंगाळू नकोस." मी अर्थातच रेंगाळत असे.

रेंगाळण्याचे कारण म्हणजे मामांच्या टेबलाशेजारचे एक यंत्र. नियमाप्रमाणे परक्या माणसाने त्या खोलीत पाऊल ठेवू नये. पण फराळ घेऊन आलेला दहा वर्षांचा भाचा परका कसा, असा सोयीस्कर अर्थ मामांनी लावला होता. यंत्राला एक घंटा, एक दांडा आणि एक काटा. काट्याच्या जागा तीन: 'लाइन बंद', 'लाइन क्लिअर' आणि 'गाडी लाइनीवर'. आमच्या एका अंगाला उगाव स्टेशन, दुसऱ्या अंगाला समिट. उगावच्या मास्तरांचे यंत्र आणि मामांचे यंत्र तारेने जोडलेले. मुंबईकडची गाडी सोडायची झाली, की मामा उगावला घंटेचे ठोके देत. त्यांचा अर्थ, गाडी पाठवू का? उगावचे मास्तर आपल्याकडची लाइन मोकळी आहे ना, आधीची गाडी निघून गेली ना, हे पाहत, उलट ठोके देत आणि आपला दांडा फिरवीत. तेव्हा कुठे मामांच्या यंत्रावरचा काटा 'लाइन क्लिअर'वर येई. काटा तिथे आल्याखेरीज गाडी सोडण्याचा सिग्नल पडतच नसे. मामांनी कितीही जोर लावला तरी नाही.

यंत्र बिघडले तर टेलिफोन होता. पण टेलिफोनवर नुसते "हो, पाठवा" चालत नसे. पलीकडच्या मास्तरांनी आपल्या छापील तक्त्यातला एक आकडा सांगायचा, इकडच्यांनी तो रजिस्टरात लिहायचा. त्याला 'प्रायव्हेट नंबर' म्हणत. म्हणजे उद्या काही झाले, तर मी हो म्हटलेच नव्हते, असे म्हणायची सोय कुणालाच राहू नये. गाडी सुटली की पुन्हा ठोके: गाडी निघाली. ती पलीकडे पोचली की पुन्हा ठोके: गाडी पोचली. हे शेवटचे ठोके देण्याआधी उगावचे मास्तर एक गोष्ट न चुकता पाहत. शेवटच्या डब्यामागचा लाल दिवा दिसला का? दिवा दिसला म्हणजे गाडी सबंध आली, मधेच तुटून तिचे चार डबे मागे राहिले नाहीत.

"मामा, रोज रोज तीच गाडी, तेच मास्तर. एवढं विचारायचं कशाला?" मी एकदा म्हणालो. मामा चकली मोडत म्हणाले, "रोजचंच आहे म्हणून तर विचारायचं. ज्या दिवशी विचारायचं राहील, नेमकी त्या दिवशी लाइन मोकळी नसेल."

हे वाक्य मी पुढे बारा वर्षांनी पुन्हा आठवले, ते वेगळ्याच कारणाने.

१९७० च्या मार्गशीर्षातली गोष्ट. लाल कांद्याची आवक जोरात होती. माझे धाकटे काका एका आडत्याकडे हिशेबनीस होते. अक्षर मोत्यासारखे, त्यांनी लिहिलेली वही पाहायला इतर पेढ्यांवरचे लोक येत. दिवेलागणीला भरलेल्या ट्रकवर गोण्या मोजायला ते चढले, पाय निसटला आणि डोक्यावर पडले. गावातल्या डॉक्टरांनी जखम धुतली, पट्टी बांधली, इंजेक्शन दिले आणि म्हणाले, "हे माझ्या हातचं नाही. नाशिकला न्या." त्यांनी एक चिठ्ठी लिहून दिली. कुणाची तरी जीप मिळाली. वडील, मी आणि पेढीवरचे दोघे हमाल काकांना घेऊन निघालो. साठेक किलोमीटरचा रस्ता, थंडी, आणि माझ्या मांडीवर काकांचे डोके.

नाशिकला पहिल्या इस्पितळात शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर बाहेरगावी गेलेले होते. दुसऱ्या ठिकाणी खाट नव्हती. तिसऱ्या ठिकाणी दाराशी अर्धा तास गेला आणि मग आत घेतले. तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. तिन्ही ठिकाणी वडिलांनी तीच चिठ्ठी दाखविली आणि तिन्ही ठिकाणी ती वाचणाऱ्याला प्रथमच कळले, की लासलगावाहून असा एक माणूस येत आहे. कुणी दुष्ट नव्हते, कुणी उर्मटपणे बोललेही नाही. काका वाचले. पण त्यांचा उजवा हात गेला, तो कायमचा.

चार दिवसांनी मामा नाशिकला भेटायला आले. सारी हकीकत ऐकून घेतली आणि वडिलांना एवढेच विचारले, "दाजी, जीप सोडायच्या आधी तिकडून कुणी 'या' म्हटलं होतं का?" वडील गप्प राहिले. मामा हळू आवाजात म्हणाले, "आम्ही रिकामी मालगाडीसुद्धा अशी सोडत नाही हो."

मला मात्र दुसरीच गोष्ट टोचत राहिली. काका पडले त्याच संध्याकाळी, त्याच पेढीवरून मुंबईला अर्जंट ट्रंक कॉल लागला होता. त्या दिवशीचा भाव काय फुटला, किती गाड्या माल आला, उद्या किती पाठवू, हे सारे विचारून झाले होते आणि मुंबईहून "अमुक गोण्या पाठवा" असे उत्तरही आले होते. कांद्याला लाइन क्लिअर मिळाली होती. टेलिफोन गावात होता, तार होती, रेल्वे होती. जखमी माणसासाठी ती वापरावी असे डॉक्टरांना सुचले नाही, आम्हाला सुचले नाही. आणि सुचले असते तरी पलीकडे कुणाला विचारायचे, हे कुणाला ठाऊक होते?

पुढे मी शाळामास्तर झालो आणि जन्मभर इतिहास शिकविला. राजे आणि लढाया शिकवून झाल्या, की मुलांना मी हा इतिहास सांगत असे: माणसांनी एकमेकांना वेळेवर विचारायला कसे शिकले, याचा. या दिवाळीत तो वाचकांपुढे मांडावा असे वाटले.

मामांचे यंत्र कुणा एका शहाण्याच्या डोक्यातून एका रात्रीत उतरलेले नाही. इंग्लंडात रेल्वे सुरू झाली तेव्हा एका गाडीमागून दुसरी सोडायची ती घड्याळ पाहून. पहिली सुटून अमुक मिनिटे झाली ना, मग ती पुढे गेलीच असणार, अशा भरवशावर. १८४२ साली विल्यम कुक या तारायंत्राच्या एका जनकाने पुस्तिका काढून सुचविले, की घड्याळावर विसंबू नका. पुढच्या स्टेशनाला तारेने विचारा आणि होकार आला तरच गाडी सोडा. ही पद्धत चांगली आहे हे सर्वांना पटले. पण खर्च येतो, वेळ जातो, म्हणून पुष्कळ कंपन्यांनी ती पुरती घेतली नाही. आपल्याकडे १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि १८६० नंतरच्या वर्षांत रूळ आमच्या निफाड तालुक्यातून भुसावळकडे गेले, तेव्हाही विलायतेत हा वाद चालूच होता.

तो मिटला १८८९ साली, आणि फार मोठी किंमत देऊन. १२ जून रोजी आयर्लंडात आर्मा या गावाहून रविवारच्या शाळेतली मुले सहलीच्या गाडीने निघाली होती. चढावर गाडी अडली. ती मधून तोडून पुढचे काही डबे आधी न्यायचे ठरले. मागचे डबे उताराने मागे सरकू लागले. आणि मागून, ठरलेली मिनिटे झाली म्हणून सोडलेली, दुसरी गाडी येत होती. ८० माणसे मेली; त्यांत मुले पुष्कळ होती. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कायदा केला आणि उतारूंच्या गाड्यांसाठी पुढच्या स्टेशनाचा होकार सक्तीचा झाला. सत्तेचाळीस वर्षे जे शहाणपण ऐच्छिक होते, ते एका दिवसानंतर सक्तीचे झाले.

काकांच्या जीपचा विचार करताना मला नेहमी वाटते, की आजाऱ्याला एका इस्पितळातून दुसऱ्याकडे धाडण्याच्या बाबतीत आपण कितीतरी वर्षे त्या घड्याळाच्या काळातच राहिलो. नाशिक मोठे गाव आहे, तिथे काहीतरी सोय असणारच, अशा भरवशावर माणूस सोडायचा. आणि चिठ्ठी? ती आजाऱ्याबरोबर त्याच गाडीतून जाणार. गाडीनेच आपली परवानगी बरोबर घेऊन जायची आणि पुढच्या स्टेशनात शिरल्यावर ती दाखवायची, असा तो प्रकार.

निरोप वेळेवर जाणे एवढेच पुरत नाही, हे मात्र आपल्याला प्लेगाने शिकविले. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा आला. रेल्वे स्टेशनांवर उतारूंची तपासणी सुरू झाली, संशयितांना उतरवून छावण्यांत ठेवू लागले. बातमी आगगाडीच्या आणि तारेच्या वेगाने जाऊ लागली. पण बातमीच्या उलट टपाली जे येई, ते औषधपाणी घेऊन येणारे माणूस नसे. येई ती झडती. पुण्यात गोऱ्या शिपायांच्या झडत्यांनी काय अनर्थ ओढवला, हे महाराष्ट्र जाणतो. त्याचा परिणाम असा झाला, की लोक आजारी माणूस माळ्यावर लपवू लागले, प्रेत रात्री हलवू लागले. प्लेग मात्र लपला नाही. तो आमच्या नाशिक जिल्ह्यातही येऊन पोचला. १८९९ साली भगूरला सावरकर बंधूंचे वडील त्यातच गेले. विचारणाऱ्याला उत्तरादाखल मदत मिळणार असेल, तरच तो पुन्हा विचारतो. उत्तरादाखल शिक्षा मिळणार असेल, तर तारा कितीही ताणा, त्यांतून खरी बातमी जात नाही.

तिसरा धडा लंडनचा. नोव्हेंबर १९३५ मध्ये विंपोल स्ट्रीट या रस्त्यावर एका डॉक्टरांच्या घराला आग लागली. शेजाऱ्याने अग्निशमन दलासाठी टेलिफोन फिरविला. पण एक्स्चेंजमध्ये साध्या कॉलांच्या रांगेतच त्याचा कॉलही ताटकळत राहिला. त्या आगीत पाच स्त्रिया मेल्या. शेजारी संतापून वर्तमानपत्रात लिहिता झाला, चौकशी झाली आणि ३० जून १९३७ पासून लंडनमध्ये ९९९ हा संकटाचा आकडा सुरू झाला. तो फिरविला, की एक्स्चेंजमध्ये लाल दिवा लागे आणि कर्कश भोंगा वाजे, म्हणजे काम करणारणीने हातातले सारे टाकून तो कॉल आधी घ्यावा. जगातला हा पहिला असा आकडा. टेलिफोन आधीही होता. नव्हता तो फक्त, तो आधी उचलायला बांधलेला माणूस.

आता आपल्या देशाकडे वळू. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा यांच्या अर्जावर एक निकाल दिला. एका अपघातग्रस्ताला इस्पितळाने, हे पोलिसी प्रकरण आहे, आमच्याकडे चालत नाही, म्हणून वीसेक किलोमीटरवरच्या दुसऱ्या इस्पितळाकडे धाडले आणि तो वाटेत गेला, अशी बातमी त्या अर्जाच्या मुळाशी होती. न्यायालयाने सांगितले, आधी जीव वाचवा, कागद नंतर. सरकारी असो की खासगी, प्रत्येक डॉक्टरावर हे बंधन आहे.

त्यानंतरची हकीकत वाचताना माझ्या अंगावर काटा आला, कारण ती मला ओळखीची वाटली. ८ जुलै १९९२ रोजी संध्याकाळी पश्चिम बंगालमधील मथुरापूर स्टेशनावर एक शेतमजूर आगगाडीतून पडला. डोक्याला जबर मार. तिथल्या आरोग्य केंद्रात सोय नव्हती, म्हणून पुढे धाडले. कलकत्त्याला एका सरकारी इस्पितळात खाट नव्हती, दुसऱ्यातही नव्हती, तिसऱ्यात त्या प्रकारच्या उपचाराची सोय नव्हती. असे करता करता बडी बडी सरकारी इस्पितळे झाली आणि अखेर त्याला एका खासगी इस्पितळात पदरचे सुमारे १७,००० रुपये भरून उपचार घ्यावे लागले. शेतमजुरांच्या संघटनेने दावा लावला. ६ मे १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की वेळेवर उपचार न मिळणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग आहे, आणि त्या मजुराला २५,००० रुपये भरपाई देवविली.

भरपाईपेक्षाही त्या निकालातली एक सूचना मला मोलाची वाटते. न्यायालयाने म्हटले, की राज्यात एक मध्यवर्ती संदेशव्यवस्था असावी; कोणत्या इस्पितळात कोणत्या उपचाराची खाट मोकळी आहे हे तिला ठाऊक असावे, म्हणजे रुग्णाला थेट तिथेच धाडता येईल. रुग्णवाहिकेत उपकरणे आणि जाणती माणसे असावीत, हेही सांगितले. न्यायमूर्तींनी मामांचे यंत्र पाहिले होते की नाही, कुणास ठाऊक! पण त्यांनी इस्पितळांकडे जे मागितले, ते लाइन क्लिअरच होते.

सूचना कागदावर राहिल्या असे मी म्हणणार नाही. १५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबादेत १०८ या आकड्यावर रुग्णवाहिका सुरू झाली आणि हळूहळू देशभर पसरली. महाराष्ट्रात ती २०१४ साली आली, ९३७ गाड्यांची आणि पुण्यात मध्यवर्ती केंद्र असलेली. त्यांतल्या २३३ गाड्या अधिक सज्ज होत्या, आणि आपल्याकडचे वैशिष्ट्य असे, की गाडीत डॉक्टर असतो. गावोगावच्या बायाबापड्यांना आज हा आकडा तोंडपाठ आहे. रात्री-अपरात्री गाडी येते, प्राणवायू लागतो, नाडी पाहिली जाते. १९७० साली असे काही असते तर, हा विचार मी करू नये म्हणतो, पण येतो.

तरी एक कोडे उरतेच. गाडी दारात आली. ती न्यायची कुठे? गाडी वेगाने धावते याचा अर्थ पुढे लाइन मोकळी आहे, असा होत नाही. या कोड्याने आपल्या सर्वांची परीक्षा घेतली ती कोरोनाच्या साथीत. मार्च २०२० च्या अखेरीस नाशिक जिल्ह्यातला पहिला रुग्ण सापडला, तो आमच्याच लासलगावच्या परिसरात. बाजार थंडावला, रस्ते सुने पडले. पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेत तर प्रत्येकाच्या हातात टेलिफोन असूनही माणसे खाटेसाठी वणवण फिरली. वीस ठिकाणी फोन, वीस ठिकाणी तेच उत्तर, आणि एकविसाव्या ठिकाणी फोन उचललाच नाही. मोटारीत आजारी माणूस, मांडीवर त्याचे डोके. पन्नास वर्षांपूर्वीचा माझा प्रवास घरोघर चालला होता.

त्याच साथीत या कोड्याची उकलही महाराष्ट्रात झाली, हे अभिमानाने सांगावेसे वाटते. मुंबईत सुरुवातीला सारे लोक एकाच मध्यवर्ती आकड्यावर किंवा थेट इस्पितळांना फोन करीत आणि गोंधळ होई. जून २०२० मध्ये महापालिकेने आपल्या २४ विभागांत प्रत्येकी एक नियंत्रण कक्ष उघडला. लोक त्याला 'वॉर रूम' म्हणू लागले. तपासणीचा अहवाल आधी पालिकेकडे जाई आणि मग त्या विभागातून रुग्णालाच फोन येई. खाटेची गरज आहे की नाही हे डॉक्टर ठरवीत, आणि असेल तर खाट ठरवूनच रुग्णाला हलवीत. येथे विचारणारा आणि उत्तर देणारा दोघेही ठरलेले होते. एक विभाग म्हणजे एक स्टेशन. त्याच्या मास्तराला आपल्या हद्दीतली माणसे माहीत. मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या या कामाची वाखाणणी केली. खाटा अपुऱ्या पडल्या नाहीत असे नव्हे; पण असलेली खाट आणि अडलेला माणूस यांची गाठ पडत गेली.

आणि आता आमच्या रुळांवरून गेलेल्या एका गाडीविषयी. एप्रिल २०२१ मध्ये प्राणवायूची टंचाई इतकी झाली, की तो रेल्वेने आणायचे ठरले. १९ एप्रिलला नवी मुंबईतल्या कळंबोलीहून सात रिकामे टँकर उघड्या वाघिणींवर चढवून विशाखापट्टणमला निघाले. टँकरसह उंची घाटातल्या बोगद्यांत बसेना, म्हणून गाडी वसई, सुरत, भुसावळ असा वळसा घेऊन गेली. सुमारे १,८५० किलोमीटरचा तो प्रवास जवळपास ५० तासांत झाला. ती वाटेत असतानाच, २१ एप्रिलला, नाशिकच्या महापालिकेच्या रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली आणि त्याच दिवशी २२ रुग्ण दगावले. त्या दिवशी जिल्ह्यात ज्याच्या घरी चूल पेटली, त्यालाही घास गोड लागला नाही.

विशाखापट्टणमला १०० टनांहून अधिक प्राणवायू भरून गाडी परतली. तीन टँकर नागपूरला उतरले आणि चार पुढे निघाले. नागपूर ते नाशिक हे अंतर गाडीने १२ तासांत तोडले; २४ एप्रिलला सकाळी १० वाजून २५ मिनिटांनी ती नाशिकला पोचली. म्हणजे त्या सकाळी ती मनमाड, समिट ओलांडून आमच्या लासलगाव स्टेशनातून उगावकडे गेली. मी ती पाहिली नाही. बाहेर पडायची बंदी होती. पण तिला वाटेत कुठे थांबावे लागू नये म्हणून दर स्टेशनाने पुढच्या स्टेशनाला आधीच विचारून ठेवले असणार, हे मला पाहायची गरज नव्हती. मामांचा काटा मी डोळ्यांपुढे आणू शकत होतो.

प्राणवायूला लाइन क्लिअर मिळाली, तशीच ती प्राण कंठाशी आलेल्या माणसाला मिळावी, एवढेच माझे म्हणणे आहे. त्याला यंत्र लागते, पण यंत्राआधी चार निरोप लागतात. पाठवू का? पाठवा, मी अमुक बोलतो. निघाला. पोचला. यांतला दुसरा सर्वांत महत्त्वाचा, कारण त्यात नाव असते. आणि चौथा सर्वांत विसरला जाणारा. गावच्या डॉक्टरला आपण धाडलेल्या रुग्णाचे पुढे काय झाले, हे पुष्कळदा महिन्यांनी, बाजारात नातेवाईक भेटला तर कळते. शेवटच्या डब्याचा लाल दिवा पाहायची रीत तिथे अजून रुजायची आहे.

आगगाडी आणि आजारी माणूस यांत एक भेद मात्र आहे आणि तो विसरून चालणार नाही. लाइन मोकळी नसेल तर गाडी सिग्नलबाहेर तासभर उभी राहू शकते. माणूस उभा राहू शकत नाही. म्हणून 'लाइन क्लिअर नाही' एवढे म्हणून इस्पितळाला सुटता येऊ नये. ज्याच्या दारात माणूस आला, त्याने आधी श्वास आणि रक्तस्राव सांभाळावा, आपल्याकडे खाट नसेल तर ती कुठे आहे हे स्वतः विचारावे आणि होकार मिळेपर्यंत तो माणूस आपला मानावा. विचारण्याचे काम मांडीवर डोके घेऊन बसलेल्या भावाचे किंवा मुलाचे नव्हे.

आपण घरची माणसे तरी काय करू शकतो? पुष्कळ. १०८ फिरवावा. आणि कुणी "नाशिकला न्या", "पुण्याला न्या" म्हणाले, तर हात जोडून, न रागावता, तीन गोष्टी विचाराव्यात: तिथे कोण हो म्हणाले? त्यांचे नाव काय? आम्ही पोचल्यावर तुम्हाला कुणी कळवायचे? मी हे दोनदा विचारले आहे. दोन्ही वेळा समोरच्या डॉक्टरांनी टेलिफोन उचलला. बहुधा त्यांनाही ते करायचेच होते, कुणी विचारायची खोटी होती.

काकांची गोष्ट अर्धवट सोडणे बरे नाही. हात गेल्यावर ते वर्षभर पेढीवर गेले नाहीत. मग पुढच्या दिवाळीत आडत्याने नवी वही त्यांच्या घरी पाठविली आणि सांगावा धाडला, की पहिल्या पानावर 'श्री' तुम्हीच लिहायचा. काकांनी तो डाव्या हाताने लिहिला. वेडावाकडा, थरथरता, शाळेत नुकत्याच बसलेल्या पोराने काढावा तसा. त्यानंतर ते जिवंत होते तोवर दर लक्ष्मीपूजनाला त्या पेढीच्या वहीवर पहिला 'श्री' त्यांचाच असे, आणि दरसाल तो थोडा सुधारत गेला.

त्या पहिल्या वर्षी वही पेढीवर पोचती करून मी फराळाचा डबा घेऊन स्टेशनाकडे गेलो. मामांची रात्रपाळी होती. उगावहून ठोके आले, मामांनी कान देऊन ऐकले, रजिस्टरात वेळ लिहिली आणि मगच डबा उघडला. "पोचली," ते म्हणाले.